ओठ वाचणारी

मागांच्या त्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नसे.
चौदाव्या वर्षी आत गेलो आम्ही दोघी,
तिशीला कान गेले, तिचे आधी, मग माझे,
तोंडं मात्र थांबली नाहीत.
ओठ मोठे करून बोलायचं,
उरलेलं बोटांवर सोपवायचं.
मुकादम येतोय म्हणजे खांद्यावर दोन बोटं.
डंडीच्या बायका रस्त्यातही अशाच बोलत.
परगावची माणसं वळून बघत.

युफेमिया डूथी. माझ्या डाव्या हाताचा माग.
बंगालचा ताग, देवमाशाच्या तेलात भिजवलेला,
त्याचा वास रविवारी चर्चमध्येही आमच्या मागे यायचा.
नवरे घरी. पुरुषांना गिरणीत काम नव्हतं, ते किटली सांभाळत.
तिचा रॉडी पाव झकास भाजायचा
आणि दार वाजलं की घाईघाईने एप्रन सोडायचा.

तिचं पहिलं भाषण कुणीही ऐकलं नाही.
बाईमागे दोनाचे तीन माग केले, त्या सकाळी
ती बॉबिनच्या खोक्यावर चढली आणि आवाजाशिवाय बोलली.
मी टोकाला तेल आणायला गेलेले,
तिथूनही मला अक्षर न् अक्षर दिसलं.
मालकाच्या पोराला वाटलं, बाई जांभया देतेय.
तेवढ्यात एक माग थांबला, मग दहा, मग सगळे.
पायांखालची फरशी थरथरायची थांबली
तेव्हा मला कळलं, शांतता कशाला म्हणतात.

अकरा आठवडे सलगमाचं सूप.
संपाचा पैसा मिठाईच्या डब्यात,
दोन शिलिंगांचा मेळ बसेना म्हणून ही रात्रभर जागी.
शेवटी जिंकलो, म्हणजे अर्धं जिंकलो:
मजुरी वाढली, तिसरा माग राहिला.
अर्ध्यावर सही तिनेच केली.
काहीजणींनी तिचं नाव टाकलं. मी नाही टाकलं.

मग युनियनची सेक्रेटरी, मग नगरपालिका,
मग पक्षाने तिकीट दिलं आणि ती लंडनला गेली
माझी निळी टोपी डोक्यावर घालून, उसनी.
सभागृहात ओठात एक, पोटात एक असा सगळा कारभार,
पण तिला समोरच्या बाकावरची कुजबुज वाचता यायची.
पत्रात लिहायची: विधवांच्या पेन्शनवर चर्चा चाललेली,
आणि मंत्री शेजाऱ्याला विचारतो, आज जेवायला काय?
ही उठली आणि म्हणाली,
माननीय मंत्र्यांसाठी मटण आहे, विधवांचं काय ते सांगा.
ते पत्र आम्ही गिरणीभर फिरवलं,
तेलाच्या बोटांनी पार चिंध्या होईपर्यंत.

पुढे तिचं सरकार आलं. ती उपमंत्री झाली.
परदेशी पोत्यांवरचा कर उठवायचं ठरलं,
आणि आमची गिरणी बंद व्हायची वेळ आली.
सांगायला तिलाच पाठवलं. आमचीच म्हणून.
हॉलमध्ये दोनशे बायका, निम्म्याहून जास्त ठार बहिऱ्या.
ती उभी राहिली, चष्मा लावला
आणि छापील कागद उचलून
बरोबर तोंडासमोर धरला.

तिने. जिला माहीत होतं आम्ही कशा ऐकतो.

कागद बोलत राहिला. आम्हाला फक्त टोपी दिसत होती.
मी शेवटच्या रांगेत उभी राहिले
आणि खांद्यावर दोन बोटं ठेवली.
बाजूची उठली, तिनेही ठेवली. मग तिच्यापलीकडची.
कागद वीतभर खाली आला.
तिचे ओठ हलले, मोठे, सावकाश, शेडमधल्यासारखे.
काय म्हणाली ते दोनशे जणींनी वाचलं
आणि वार्ताहरांतल्या एकालाही ऐकू आलं नाही.

राजीनामा वगैरे दिला नाही तिने.
गिरणी ठरल्या तारखेला बंद झाली.
ती आणखी दोनदा निवडून आली, दोन्ही वेळा माझ्या मताने.
काय म्हणाली, म्हणून नातवंडं विचारतात.
मी ओठ हलवून दाखवते.
त्यांना वाटतं, आजी जांभई देतेय.

टोपी अजून तिच्याकडेच आहे.